सरमेची फिर्याद
महाभारताच्या आदिपर्वात, कुरुक्षेत्री दीर्घसत्र चालले असता, जनमेजयाच्या तिघा भावांनी यज्ञभूमीवर आलेल्या एका श्वानपुत्रास मारहाण केली. तेव्हा त्याची माता देवशुनी सरमा हिने येऊन एवढेच विचारले, की ज्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही आणि त्याला जीभही लावली नाही, त्याला हे ताडन कोणत्या अपराधास्तव? उत्तर कोणीच दिले नाही, आणि अदृष्ट भय तुमच्यावर येईल असा शाप देऊन ती निघून गेली. जनमेजय शापनिवारणार्थ पुरोहित शोधीत हिंडला. प्रश्न तसाच राहिला. आमच्या व्याख्यात्यांचा ओढा युधिष्ठिराच्या कुत्र्याकडे, कारण तो अखेर साक्षात धर्म ठरतो. सरमेचे पोर शेवटपर्यंत कुत्रेच राहते, म्हणून मला त्याची फिर्याद अधिक भारी वाटते.

निरपराध पिल्लाच्या वतीने विचारायचा प्रश्न आजही तसाच राहतो. सावेडी उपनगरात, गुलमोहोर रोडच्या आसपासच्या बंगल्यांतून, लॅब्राडॉर वा जर्मन शेफर्ड आणू पाहणारा गृहस्थ केनेल क्लबची वंशावळ मागतो आणि किमतीची घासाघीसही करतो. परंतु पिल्लाच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले होते काय, त्यांचे डोळे व रक्त तपासले होते काय, हे विचारणे त्याला सहसा सुचत नाही. वंशावळ ही सनद आहे. अमक्याचा पुत्र, तमक्याचा पौत्र एवढे ती सांगते, देहात काय उतरले याविषयी मूक राहते. डोळ्यांना दिसणारे आरोग्यही पुरेसा दाखला नव्हे. लॅब्राडॉरमधला दृष्टिपटलाचा एक आनुवंशिक क्षय असा आहे, की दोष एकाच बाजूने आला तर प्राण्याची दृष्टी त्यापायी जात नाही, दोहोंकडून आला तर तो हळूहळू आंधळा होतो; म्हणून दोन डोळस वाहकांच्या प्रत्येक पिल्लामागे या व्याधीची शक्यता चारात एक.

नैष्ठिक मनुष्य म्हणेल, हे त्या जीवाचे प्रारब्ध. प्रारब्ध मी नाकारीत नाही. परंतु रानातल्या लांडग्यांप्रमाणे ही जोडी आपोआप जुळलेली नसून माणसाने ती स्वहस्ते लावलेली असते, आणि जो अनर्थ थोड्याशा रक्तावरून आधीच कळला असता तो पिल्लाच्या पूर्वजन्माच्या नावे टाकणे, म्हणजे आपली बाकी दुसऱ्याच्या खात्यावर चढवणे होय. विकत घेणाराही यातून सुटत नाही. मांसाच्या प्रकरणी मनूने मारणाऱ्याच्या पंक्तीला अनुमती देणारा आणि खरेदी करणाराही बसवला आहे. तो न्याय येथे लागू करण्यास मला कोणतीच हरकत दिसत नाही.

यावर एक मार्मिक आक्षेप निघतो. ज्या देशाने कुलशुद्धीच्या नावाखाली माणसांची एवढी विटंबना केली, तेथे पुन्हा रक्ताच्या परीक्षा कशाला? उत्तर असे, की ही परीक्षा शुद्धीच्या अभिमानाला उलट छेद देते. वाहकाला ती बहिष्कृत करीत नाही. दोषमुक्त जोडीदाराशी त्याचा संयोग केल्यास त्या रोगाचे एकही पिल्लू होत नाही, उलट सर्व वाहक वगळले तर जातीचे रक्तच आटते. खरा घात शुद्धीनेच केला आहे. डाल्मेशियन कुत्र्यांत ठिपक्यांच्या हौसेपायी यूरिक आम्लाचा दोष साऱ्या जातीत भिनला. १९७३ साली रॉबर्ट शाइबल या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने पॉइंटर जातीशी संकर करून निर्दोष जनुक परत आणला, तरी त्या संततीला अमेरिकन केनेल क्लबच्या दप्तरी कायमची जागा मिळण्यास २०११ उजाडले. आपल्याकडच्या जातपंचायतींनाही याहून अधिक चिवटपणा दाखवता आला नसता!

तथापि कागदाने सर्व काही साधते असे नव्हे. खुब्याचा विकार अनेक जनुकांचा आणि आहार-वजनाचाही असतो; ब्रिटिश पद्धतीत दोन्ही खुब्यांना मिळून शून्य ते १०६ गुण देतात, कमी तितके बरे, पण उत्तम गुणांच्या आईबापांचे पिल्लूही लंगडू शकते. गीता फळाची हमी देत नाही. म्हणून कर्मातली कुचराई ती माफ करते, असा अर्थ आपण सोयीने लावतो. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर न विसंबता आईबापांच्या तपासणीचा मूळ दाखला मागावा, त्यावरील चिपचा क्रमांक समोरच्या कुत्रीच्या अंगातील चिपशी जुळतो का पाहावे, आणि दाखला देण्यास टाळाटाळ झाली तर रिकाम्या हाताने परतावे. पिल्लू घरात आल्यावर मात्र या कागदाचा अंमल संपतो. सर्व दाखले स्वच्छ असूनही तिसऱ्या वर्षी त्याचा खुबा दुखू लागला, तर ते परत करण्याजोगा माल नसते, आणि त्याचे औषधपाणी ज्याने त्याला आणले त्यानेच करावयाचे असते.