चर आणि त्याग

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ८

देहाला कष्ट होतील या भीतीने कर्तव्य टाकलं, तर तो राजस त्याग; त्याला त्यागाचं फळ नाही, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. आज वाचताना माझी मान खाली गेली.

लोणावळ्याच्या अलीकडे, मावळात आमची थोडी जमीन आहे. तिच्या कडेच्या खोल चरातून डोंगराचं पाणी ओढ्याला आणि पुढे इंद्रायणीला मिळतं. काठ अगदी उभा, त्यात घाणेरी आणि रानमोडी माजलेली. गेल्या वैशाखात पाय घसरेल म्हणून मी उतरलोच नाही. वर म्हटलं, "पांडुरंगाची इच्छा!"

आषाढात चर तुंबला. पाणी शेजारच्या खाचरात घुसलं, नुकती लावलेली भाताची रोपं वाहून गेली. शेजारचे काका एवढंच म्हणाले, "पाण्याला वाट तर पाहिजे ना!" रोपं मी भरून दिली, हुकलेली लावणीची वेळ कुठून देणार?

आळसाला मी देवाचं नाव दिलं आणि किंमत दुसऱ्याने मोजली.

यंदा कोयता-कुदळ घेऊन काकांबरोबर उतरलो. खालच्या तोंडापासून वर सरकत गाळ काढला. मी काठावरचं गवत उपटायला लागलो, तर काका म्हणाले, "नुसतं काप रे. मुळांनीच माती धरलीय."

रान पुन्हा माजेल, पुन्हा उतरावं लागेल. फळ देवावर सोडायचं ते काम केल्यावर. कामच सोडून नव्हे.

'देवाची इच्छा' म्हणत आपण कुठलं काम टाळतोय, आज जरा बघूया.

रामकृष्णहरी!