अर्ध्या टक्क्याचा चढ

पुण्याच्या सायकलस्वाराला चढ म्हटला की सिंहगड आठवतो, नाशिककराला कसारा. मी भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीजवळ सायकल चालवतो म्हटले की ही मंडळी कीव केल्यासारखी बघतात. तिथे चढ कुठला? नागपूरकराचा तर गावापासूनच घोटाळा होतो, कारण त्याची दिघोरी म्हणजे उमरेड रस्त्यावरचा दिघोरी नाका. मी म्हणतो ती दिघोरी मोठी, साकोलीहून लाखांदूरकडे जाताना लागणारी. पूर्वेला दूरवर नवेगावचे डोंगर आणि प्रतापगड आहेत, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. मोटारीतून गेले तर हा भाग पाटासारखा सपाट आहे, असे कोणीही शपथेवर सांगेल.

सायकल तसे सांगू देत नाही. अर्धा टक्का चढ म्हणजे शंभर मीटरला अर्धा मीटर. डोळ्याला तो दिसतच नाही. पण सायकलसकट ८० किलो वजन धरले, तर एवढ्याशा चढाने मागे ओढणारा जोर टायरच्या घर्षणाच्या जवळपास भरतो. ताशी २० किलोमीटरने शांतपणे जाणाऱ्याला एकदम तिसऱ्या हिश्शाने जास्त रेटा द्यावा लागतो. मग आपण उगीच स्वतःच्या वयाला दोष देतो, ब्रेक घासतोय का बघतो, वाऱ्याला शिव्या घालतो. वारा आणि मंद चढ यांत फरक करणे खरोखर अवघड असते. रस्त्याकडेचे गवत हलत नसेल आणि तरी पाय भरून येत असतील, तर जमीन वर चालली आहे.

हे कळायला एकटेच असावे लागते. टोळीत ताशी तीसच्या वेगाने कोणाच्या तरी मागे चाक लावून चाललो, तर हवेचा रोध साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी होतो. आणि ही बचत अर्ध्या टक्क्याच्या चढापेक्षा थोडी जास्तच भरते. म्हणजे पुढच्याच्या पाठीने आपली जमीन पुसून टाकलेली असते. हँडलवरचे यंत्रही इथे फारसे कामाचे नाही. हवेच्या दाबावरून उंची मोजणारी ती डबी एवढ्या सौम्य उताराला बराच वेळ शून्यच दाखवत बसते. एकट्याने चालवण्याची कीर्ती सहसा पराक्रमाशी जोडली जाते. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारे ४,९०० किलोमीटरची शर्यत एकेरी गटात बारा दिवसांच्या आत पुरी केली, भारतीयांत पहिल्यांदाच. त्या एकटेपणाच्या मागे मदतनीसांच्या गाड्या असतात, आणि त्या असल्याच पाहिजेत. माझ्या एकटेपणाचे प्रयोजन त्याहून फार लहान आहे: मध्ये दुसरी पाठ नको, एवढेच.

हिवाळ्याच्या तोंडाला या रस्त्याने गेले की पायांना जे जाणवते त्याची खूण शेतातही सापडते. वरच्या अंगाच्या बांध्यांत हलके धान कधीच कापून त्याचे पुंजणे लागलेले, आणि खालच्या अंगाला भारी धान अजून उभे. कापलेल्या बांध्यांत लाखोळी उगवून आलेली, तीही खाली जास्त हिरवी, कारण ओल तिकडे सरकून राहते. मातीची नावेसुद्धा या उतारावरून खाली येतात: वर मुरमाड बर्डी, मध्ये सिहार, मोरांड, सखलात काळी कन्हार. शेतकऱ्याला विचारा, बांधीची उंची तो फुटांत सांगणार नाही, तिथे कोणते धान पिकते ते सांगेल. त्यातच उंची आली.

या प्रदेशाचे सगळे जुने वैभव या न दिसणाऱ्या उतारावर उभे आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे शाळेत पाठ केलेले असते. ते तलाव कशाच्या जोरावर झाले, हे मात्र कोणी सांगत नाही. कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, असा गोंड राजांचा नियम होता असे सांगतात. नवेगावबांधचा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याची नोंद आहे. पुढे लोकांनी त्यांना कोलासूर देव करून टेकडीवर बसवले. पण तिथे निदान सात बहिणींच्या टेकड्या मदतीला होत्या. मला थोरवी वाटते ती दिघोरीच्या आसपासच्या साध्या गावतलावांची आणि बोड्यांची, म्हणजे लहान तळ्यांची. जिथे आजचा माणूस सपाट म्हणून हात झटकतो, तिथे कोणीतरी ओळखले की पाणी इकडून येते, इथे पाळ घातली तर इतके थांबेल, पाणी सोडायचा तुडूम इथे ठेवला तर पाट त्या बांध्यांपर्यंत आपोआप पोहोचेल, आणि जास्तीचे पाणी सलांगेवरून निघून खालच्या तलावात पडेल. त्यांच्याजवळ उतार मोजायचे दुर्बिणीचे यंत्र नव्हते. वाहत्या पावसात उभे राहून पाण्याची वाट बघणे आणि अनवाणी पायांनी तीच जमीन वर्षानुवर्षे तुडवणे, एवढेच साधन असणार.

याचा अर्थ तो काळ सोन्याचा होता असा नाही. पाळीवर मातीची टोपली वाहणाऱ्याच्या नावे तलावाखालची जमीन झाली नाही. मासेमार ढिवरांना मासा मिळाला, शेत मिळाले नाही. गावचा जमीनदार, म्हणजे मालगुजार, तलाव राखी, कारण त्याचे धान त्यावर होते. १९५० च्या कायद्याने, हा जिल्हा मध्य प्रदेशात असताना, मालगुजारी संपली आणि ती संपायलाच हवी होती. फक्त तलाव सरकारजमा झाल्यावर राखणारा कोणीच उरला नाही. ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले, पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून जास्त, आणि मामाच्या घरी भाच्यांनी काय करावे हे अजून ठरतेच आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून गाळ निघतो, फोटो निघतात. गाळ दिसतो म्हणून निघतो. तलावात पाणी आणणारा येवा मात्र दिसत नाही: तो कुठे शेतात मिसळतो, कुठे अतिक्रमणाखाली जातो, आणि बऱ्याचदा रस्त्याखाली गाडला जातो.

इथे माझी सायकल आणि माझा राग एका जागी येतात. नवा रस्ता आता भराव टाकून उंच केलेला असतो. भोवतालच्या अर्ध्या टक्क्याच्या उतारापुढे चार-पाच फुटांचा भराव म्हणजे चक्क पाळच. फरक इतकाच की तिला तुडूम नाही, सलांग नाही आणि ती कुठे असावी हे पाण्याला विचारलेले नाही. मोरी असते, पण ती जिथे बांधायला सोयीची तिथे. पावसाळा सरल्यावरही रस्त्याच्या एका अंगाला पाणी तुंबलेले आणि दुसऱ्या अंगाची बोडी कोरडी, हे दृश्य सायकलीवरून सारखे दिसते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा साऱ्यांचे लक्ष गोसेखुर्द धरणाच्या दारांकडे होते, आणि ते बरोबरच होते. पण दर वर्षीचे हे बारीक तुंबणे कोणाच्याच हिशेबात नसते. त्याचा पंचनामा होत नाही.

माझ्या पायांच्या ज्ञानाला मर्यादा आहे, हेही खरे. कोहळ्याला उतार कळला की त्यातून तलाव निघे. मला कळला की त्यातून फार तर भूक निघते. गावात चहाला थांबलो की पारावरून हमखास प्रश्न येतो, “कुठी चाल्ले जी?” कुठेच नाही, नुसता फिरतो, हे उत्तर तिथे चालत नाही, कारण महागड्या सायकलीवर बिनकामाने उन्हात फिरणारा माणूस एक तर सर्वेवाला असतो नाही तर डोक्याने हलका. मी सर्वेवाला असल्याचे एकदोनदा त्यांनीच ठरवून टाकले आणि लगेच कोणाची मोरी कुठे चुकली ते सांगायला सुरुवात झाली. झाडीपट्टीच्या नाटकाच्या पोस्टरखाली बसून ती माणसे तासभर पाण्याच्या वाटा दाखवत होती. नाटकाची तारीख मी विसरलो, वाटा लक्षात आहेत.

आणि या रस्त्यावर रोज, गणवेशात, दप्तर मागे बांधून जाणाऱ्या मुली असतात. बिनगिअरच्या जड सायकली, शाळा गाव ओलांडून पलीकडे. कुठे उठून पायडल मारायचे आणि कुठे पाय सोडायचे हे त्यांना झोपेतही सांगता येईल. पावसाळ्यात कुठे सायकल हातात धरून चालावे लागते तेही. मी मोकळ्या सकाळी हौसेने जे वाचतो ते त्या आठवी ते बारावी रोज दोनदा वाचतात, आणि भूगोलाच्या तासाला त्यांना ॲमेझॉनचे खोरे विचारले जाते. ॲमेझॉन राहू द्या, तेही हवे. पण एका वर्षाच्या प्रकल्पात वर्गाने एवढेच करावे: घर ते शाळा रस्त्याचा नकाशा काढावा, चढ लाल, उतार निळा, जिथे पाणी अडते तिथे फुली, आणि रस्त्यातली प्रत्येक मोरी पाण्याच्या वाटेवर आहे की नाही याची नोंद. चार गावांच्या मुलींचे कागद जोडले की दिघोरीच्या परिसराचा असा उतारनकाशा होईल, जो रस्त्याच्या अंदाजपत्रकाला आधी जोडायला हवा होता. पुढच्या ग्रामसभेत तो भिंतीवर टांगावा आणि ठेकेदाराला फुल्यांचा अर्थ विचारावा.