भागीरथी : नाव एकाचे, पाणी सर्वांचे

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले आहेत. तेथेच सरस्वती आणि भागीरथी यांच्याही जागा आहेत. सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते. भागीरथी बारा वर्षांनी, गुरू कन्या राशीस आला म्हणजे, कृष्णेच्या भेटीस येते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. असे कन्यागत पर्व २०१६ साली झाले. उत्तरेची गंगा इथे येते ती 'भागीरथी' या नावाने. त्या नावाचा थोडा विचार करू.

शब्द तद्धितांत आहे. 'भगीरथ' या विशेषनामास 'तस्येदम्' या पाणिनीच्या सूत्राने अण् प्रत्यय लागला, आद्य स्वराची वृद्धी झाली, पुढे स्त्रीलिंगी ङीप् आला. भागीरथी म्हणजे भगीरथाची. सगरापासून सागर, जह्नूपासून जाह्नवी, ही त्याच जातीची नावे.

आता 'भगीरथाची' म्हणजे काय हो? त्याच्या मालकीची? छे! सगराचे साठ हजार पुत्र कपिलमुनींपुढे भस्म झाले. त्यांच्या उद्धारासाठी अंशुमानाने तप केले, दिलीपाने केले. दोघेही गेले, गंगा आली नाही, असे भागवत सांगते. भगीरथाला ती प्रसन्न झाली. रामायणात ब्रह्मदेव त्याला सांगतात की ही तुझी थोरली कन्या होईल आणि तुझ्या नावाने ओळखली जाईल. म्हणजे हे नाते मालकाचे नव्हे, बापाचे. बाप लेकीला नाव देतो, वाढवतो, आणि दुसऱ्याचे घर उजळायला पाठवतो. धरून ठेवीत नाही.

आणि आपण? स्वतःचा बंगला बांधून झाला की म्हणतो, 'भगीरथ प्रयत्न केले!' कष्ट खरे. पण भगीरथाने स्वतःसाठी काय मागितले? शब्दातले कष्ट आपण घेतले, त्यातले दान सोडून दिले. पाणपोई घालायची तर पाण्याआधी नावाची पाटी रंगवतो.

देवळाच्या पायरीवर कोरलेले नाव येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी झिजते. भगीरथाचे नाव तर पाण्याला दिलेले, तरी ते टिकले; कारण ते त्याने मागितले नव्हते. तेव्हा बाबांनो, पाणी आणायचे काम आपले. नावाचे देव बघेल.