घर कोणाच्या मापाचें?

कोणत्याही नव्या कार्याचा आरंभ झाला म्हणजे त्याची मुहूर्तमेढ रोवली गेली, असें आपण म्हणतों. संस्था निघो, वृत्तपत्र निघो, कीं एखादी चळवळ सुरू होवो. मेढ ही ठरलेलीच. परंतु मेढ म्हणजे मुळांत लांकडाचा खांब, आणि तो रोवण्यापूर्वीं कोणीतरी रानांत जाऊन झाड निवडलेलें असतें, ही गोष्ट आपण पार विसरून गेलों आहों. भाषेनें आरंभ तेवढा लक्षांत ठेवला. आरंभापूर्वींची तयारी तिच्या स्मरणांतून गळाली. गेलीं दोन वर्षें मी ह्या तयारींतच गुंतलों आहें, आणि आमची मेढ अद्यापि रोवली गेलेली नाहीं.

कोंकणांतील आमच्या वडिलार्जित जागेवर लांकडी सांगाड्याचें, स्वतःला हवें तसें, एक घर बांधावें असें आम्हां उभयतांच्या मनानें घेतलें. शहरांत पस्तीस वर्षें दुसऱ्यानें आंखलेल्या खोल्यांत काढल्यावर 'स्वतःला हवें तसें' ह्या तीन शब्दांची गोडी काय असते, हें वाचकांना सांगावयास नको. मीं मोठ्या हौसेनें नकाशा काढला. अकरा फूट रुंदीची अभ्यासिका, पूर्वेला खिडकी, मागें प्रशस्त ओटी. आणि माडीवर एका खोलीवर 'चिरंजीवांची खोली' असें ठळक अक्षरांत लिहिलें. चिरंजीव परदेशीं असतात.

पुण्यांतील एक जुना वाडा उतरविला जात होता. त्याचे बारा सागवानी खांब व नऊ तुळया विकावयाच्या आहेत असें कळल्यावरून मी गांवच्या सुतारास घेऊन तेथें गेलों. त्यानें प्रत्येक तुळई ठोकून पाहिली, दोरीनें मापली, माझा नकाशा उलगडला आणि म्हणाला, "अण्णा, तुळया चौदा फुटांच्या, अन् तुमच्या खोल्या अकरा फुटांच्या. तीन-तीन फूट कापून टाकायला मला वेळ लागायचा नाही. पण आधी एक सांगा. घर लाकडाच्या मापाचं करायचं, की लाकूड घराच्या मापाचं?"

मीं तेव्हां हंसून वेळ मारून नेली. घर माझें, पैसा माझा, लांकूड मीं विकत घेतलेलें. मग माप माझें कां नसावें? परंतु हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागें लागला आहे. कारण तो सुतारकामाचा नसून मालकीच्या मर्यादेचा आहे. जी वस्तु आपल्यापूर्वीं होती व आपल्यानंतर राहणार आहे, तिला आपल्या आजच्या इच्छेच्या मापानें कापण्याचा अधिकार मूल्य दिल्यानें मिळतो काय?

लांकडी सांगाड्याच्या घराची रचना पाहिली असतां ह्या प्रश्नाचें अर्धें उत्तर सांपडतें. जोत्यावर दगडी तळखडा, तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, आणि तुळयांवर माडीचा व छपराचा भार. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. आणि जुनीं माणसें घराचा विस्तार खणांवरूनच सांगत. ह्या रचनेंत भिंती केवळ आडोशाच्या असतात. त्या घराचा भार वाहत नाहींत. म्हणून असें घर योजणाऱ्याला एक निवड आधींच करावी लागते: टिकावयाचें काय, आणि बदलावयाचें काय? खांब एकदां बसला कीं बसला. पडदी मात्र पुढच्या पिढीनें पाडावी आणि दुसरीकडे घालावी. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानें आपल्या सुखाकरितां बांधला. तेथें १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढें इंग्रजी शाळा भरली, आणि त्यानंतर कित्येक वर्षें नगरपालिकेची कचेरी होती. बांधणाऱ्याच्या स्वप्नांतही ह्यांपैकीं कांहीं नसेल.

ह्यावर व्यवहारी स्नेही म्हणतात, "मुळांत लांकूड हवेंच कशाला?" त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. शनिवारवाड्याच्या लांकडी इमारती १८२८ च्या आगींत जळून गेल्या. उरलीं तीं दगडी जोतीं, तट आणि दरवाजे. वाळवीची भीति आहेच. सिमेंट-लोखंडाच्या घरालाही खांब व तुळयाच असतात, हेंही खरें. परंतु तें घर पाडलें असतां त्याची तुळई पुन्हां तुळई म्हणून उभी राहत नाहीं. तिचा चुरा होतो. खाचेंत कुसू बसवून, खुंटी मारून जोडलेलें लांकूड मात्र खुंटी काढली कीं मोकळें होतें, आणि दुसऱ्या घरीं नांदावयास जातें. जोडणें असें असावें कीं सोडविण्याची वाट राहावी, हा त्या सांध्याचा धर्म. आगीपासून व ओलीपासून त्याला जपण्याचा भार मात्र राहणाऱ्यावर पडतो, आणि तो भार नको असेल त्यानें लांकडाच्या वाटेस जाऊं नये हेंच बरें.

तयारी म्हणजे काय, ह्याचा सर्वांत दीर्घ पाठ मला जपानांतील इसे येथील देवालयाच्या हकीकतींत सांपडला. तेथील देवालय दर वीस वर्षांनीं शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्यानें बांधतात. ही प्रथा इसवी सन ६९० पासूनची. मध्यंतरीं यादवीच्या काळांत तींत मोठा खंड पडला होता. बासष्टावें बांधकाम २०१३ सालीं पुरें झालें. पुढचें २०३३ सालीं व्हावयाचें, आणि त्याचे विधि २०२५ पासूनच सुरू झाले. म्हणजे तयारीच आठ वर्षांची! त्याहूनही दीर्घदृष्टि ही कीं, लांकूड पुरेनासें झालें तेव्हां १९२३ सालीं तेथें हिनोकी वृक्षांची लागवड योजण्यांत आली, ती दोनशें वर्षांनंतरच्या गरजेकडे पाहून. ज्यांनीं ती योजना आंखली त्यांच्यापैकीं कोणालाही त्या खांबांची सावली मिळावयाची नव्हती.

ह्याच देवालयानें मला भाबडेपणापासूनही वांचविलें. तेथील जुने मुख्य खांब उतरविल्यावर रंधून घेतात आणि उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या कमानींना लावतात. तेथें वीस वर्षें काढल्यावर ते आणखी दुसरीकडे जातात. म्हणजे लांकडाला हत्यार लावणें हेंच पाप, असें नव्हे. आमच्या नऊ तुळयांपैकीं दोहोंचीं टोकें भिंतींतल्या ओलीनें कुजलीं होतीं. तीं कापणें प्राप्तच होतें. प्रश्न कापण्याचा नसून कारणाचा आहे. सागाच्या झाडाला अशा तुळईजोगें होण्यास साठ-ऐंशी वर्षें सहज लागतात. तेवढ्या आयुष्यांतले तीन फूट तोडावयाचे, तर त्याला माझ्या खोलीची हौस हें कारण पुरेसें आहे काय?

तो वाडा विकला कां गेला, हेंही मीं विचारलें. भावाभावांत वांटण्या झाल्या होत्या, दुरुस्तीला कोणी धजेना, आणि अखेर जागेच्या किंमतीपुढें घराची किंमत उरली नाहीं. म्हणजे माझ्या सुखाचीं लांकडें दुसऱ्याच्या मोडलेल्या घरांतून यावयाचीं! ह्या विचारानें मी पुष्कळ अस्वस्थ झालों. मीं घेतलीं नाहींत म्हणून तो वाडा वांचणार नव्हता, हें खरें. पण असें उत्तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या सोयीचें असतें, हेंही तितकेंच खरें. मला एवढेंच म्हणतां येईल कीं, ज्या गृहस्थानें तो वाडा बांधला त्यानेंही तो 'स्वतःला हवा तसा' बांधला असेल. त्याच्या हव्याशा खोल्या गेल्या. जें अखंड व सोडवितां येण्याजोगें ठेवलें होतें, तेवढेंच माझ्यापर्यंत पोहोंचलें.

एके रात्रीं मी नकाशा पसरून बसलों असतां कुटुंबानें 'चिरंजीवांची खोली' ह्या अक्षरांवर बोट ठेवलें आणि विचारलें, "अहो, ह्या खोलीला नांव कशाला? येईल तो राहील." तो परत यावयाचा नाहीं, हें त्यानें गेल्या दिवाळींत दूरध्वनीवर स्पष्टच सांगितलें होतें, आम्हीं दोघांनींही त्यावर बोलणें टाळलें होतें. मला वाटलें, सुताराचाच प्रश्न ही निराळ्या शब्दांत विचारीत आहे. लांकूड आपल्या मापानें कापूं नये, हें मला पटूं लागलें होतें. पण मुलाचें आयुष्यही मीं माझ्या नकाशाच्या मापानें आंखलें होतें, हें ध्यानांत आलें नव्हतें. दुसऱ्यासाठीं जागा राखणें निराळें, आणि त्या जागेंत त्यानें यावेंच असें ठरविणें निराळें. पहिल्यांत माया आहे; दुसऱ्यांत मालकी आहे, आणि ती मायेचें नांव घेऊन येते म्हणून अधिक फसवी आहे.

मग इच्छेला स्थानच नाहीं काय? आहे. खिडकी पूर्वेला हवी, चूल वाऱ्याच्या तोंडीं नको, ओटीवर चार माणसें बसावीं, ह्या इच्छा घराला घरपण देतात. त्या सोडून केवळ भावी पिढ्यांसाठीं घर बांधणारा मनुष्य धर्मशाळा बांधील. परंतु अशा इच्छांचें स्थान पडदींत, फळींत, खिडकींत आहे. खांबांच्या जागीं नाहीं. आपल्याला ज्याची खात्री आहे तें सांगाड्यांत घालावें, आणि ज्याची केवळ आवड आहे तें असें घालावें कीं दुसऱ्याला तें दुःख न होतां काढतां यावें.

आम्हीं नकाशा पुन्हां काढला. सात खण चौदा फुटांचे झाले. कुजक्या टोकांच्या दोन तुळया कापून आखूड खणाला, मागच्या ओटीला, दिल्या. छपर वाढलें, खर्च वाढला, ओटी माझ्या मनांतल्याहून अरुंद झाली. जुन्या खाचा बुजवाव्या काय, असें सुतारानें विचारलें. त्या तशाच राहूं द्याव्या असें आम्हीं सांगितलें. पावसाळा सरला कीं मेढ रोवावयाची आहे. नव्या नकाशावर खांबांच्या जागा शाईनें काढल्या आहेत. खोल्यांचीं नांवें, माझ्या अभ्यासिकेचें धरून, सर्व पेन्सिलीनें लिहिलीं आहेत.