न दिसणे आणि नसणे

वाचकहो, ‘मला दिसले नाही’ आणि ‘ते नाहीच’ ही दोन विधाने आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. मदरशात मन्तिक, अर्थात तर्कशास्त्र, शिकविताना उस्ताद या दोहोंतील भेद आवर्जून दाखवून देतात. ‘अदमे-इल्म’ म्हणजे ज्ञानाचा अभाव. ‘इल्मे-अदम’ म्हणजे अभावाचे ज्ञान. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही. हा भेद व्यवहारात किती मोलाचा आहे, हे नेत्रवैद्यांच्या एका यंत्रावरून चांगले उमगते.

मधुमेहामुळे डोळ्याच्या दृष्टिपटलातील केशवाहिन्यांना इजा पोहोचते. या वाहिन्यांची रुंदी साधारणतः ५ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे फार तर मिलिमीटरचा शंभरावा भाग. तांबड्या रक्तपेशी त्यांतून जवळजवळ एकामागे एक अशा जातात. हा प्रवाह सुई न टोचता, केवळ प्रकाशाच्या साह्याने टिपणाऱ्या तपासणीस ओसीटी अँजिओग्राफी म्हणतात. तिच्या मुळाशी असलेले ओसीटी तंत्र १९९१ साली जगापुढे आले. यंत्र डोळ्यात अवरक्त प्रकाशाचा सौम्य झोत सोडते आणि ऊतींच्या निरनिराळ्या थरांवरून परतणारा प्रकाश नोंदविते. काही मिलिसेकंदांनी त्याच जागेची नोंद पुन्हा घेते. स्थिर ऊतींच्या दोन्ही नोंदी सारख्या येतात. रक्तपेशी मात्र पुढे सरकलेल्या असतात, म्हणून तेथे फरक पडतो. फरक आढळेल तेथे प्रवाह, असे मानून वाहिन्यांचा नकाशा उमटतो.

या नकाशात काळी राहिलेली जागा काय सांगते? कदाचित तेथे रक्त थांबले असेल. कदाचित ते वाहत असेल. परंतु इतके संथ, की त्या अल्प अवधीत नोंदण्याजोगा फरकच पडला नसेल. मधुमेहात दृष्टिपटलावर येणारे काही सूक्ष्म फुगवटे, शिरेत फ्लुरेसीन हे रंगद्रव्य टोचून केलेल्या जुन्या तपासणीत दिसतात आणि या नकाशात दिसत नाहीत. त्यांतील रक्ताची मंद गती हे त्याचे एक कारण आहे. दोन नोंदींमधील अवधी वाढविला, तर संथ प्रवाहही सापडू लागतो. मात्र तेवढ्यात डोळा किंचित हलला, तरी त्या हालचालीचाच फरक नोंदला जातो आणि नसलेला प्रवाह असल्यासारखा भासतो. म्हणून विवेकी वैद्य ‘येथे प्रवाह नाही’ असे एकदम म्हणत नाही. ‘या यंत्राच्या मर्यादेत प्रवाह आढळला नाही’ असे तो म्हणतो.

आपण विचाराल, मग ‘नाही’ असे कधी म्हणताच येणार नाही काय? येईल. ते असते तर दिसल्यावाचून राहिले नसते, अशा रीतीने शोध घेतला असेल तर अवश्य येईल. त्यासाठी वैद्य पुन्हा तपासतो, दुसऱ्या पद्धतीचा आधार घेतो आणि मग निर्णय करतो. निर्णय टाळीत राहणे हाही रुग्णावर अन्यायच होय.

इब्ने-नफीस यांनी १२४२ साली, इब्ने-सीना यांच्या शरीररचनाशास्त्रावर भाष्य करताना, रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुफ्फुसांमार्गे डाव्या कप्प्यात येते असे प्रतिपादन केले. फुफ्फुसांतील त्या सूक्ष्म वाटा मात्र माणसाच्या दृष्टीस पडल्या १६६१ साली, जेव्हा माल्पिगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचे फुफ्फुस ठेवले. मधल्या चार शतकांत त्या कोणास दिसत नव्हत्या. रक्त त्यांतून वाहतच होते.

हाच विवेक आपल्या विद्वानांनी साक्षीच्या बाबतीत पाळला आहे. मक्का-विजयाच्या दिवशी प्रेषित (स.) काबागृहात गेले. तेथे त्यांनी नमाज अदा केली, असे हजरत बिलाल (रजि.) यांचे कथन आहे, अदा केली नाही, असे हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे कथन आहे. हदीसच्या विद्वानांनी बिलाल (रजि.) यांचे कथन ग्राह्य धरले. होकार देणाऱ्यापाशी अधिकचे ज्ञान असते, हा त्यांचा युक्तिवाद. दुसऱ्या कथनाला कोणी खोटे ठरविले नाही. फक्त त्याची मर्यादा ओळखली.

आता माणसांविषयी आपण काय करतो ते पाहू. एखादा मनुष्य जमाअतीत दिसत नाही, आणि आपण म्हणतो, याच्या अंतःकरणात ईमानचा अंशही उरला नाही. एखाद्या मुलाचे डोळे बापाच्या जनाज्यापाशी कोरडे राहतात, आणि आपण त्याला निष्ठुर ठरवितो. आपण त्यांना पाहिलेले असते दोन भेटींत, क्षणभर, आणि तेही बहुधा आपले स्वतःचे मन अस्थिर असताना. एखाद्याचा पश्चात्ताप फार संथ वाहत असेल, दुःख फार खोल असेल. सूरह हुजुरातमध्ये संशयाविषयी आणि लोकांची गुपिते हुडकण्याविषयी दिलेली ताकीद येथे आठवावी. यंत्राची मर्यादा त्याच्या निर्मात्याने मोजून ठेवलेली असते. आपल्या नजरेची मर्यादा आपणच मोजावयाची आहे. तेव्हा कोणाविषयीही ‘नाही’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी स्वतःस विचारावे: मी किती वेळ पाहिले, कशाने पाहिले, आणि ते असते तर मला दिसले असते काय? उत्तर नकारार्थी असेल, तर ‘मला ठाऊक नाही’ एवढेच म्हणावे. खरा जाणणारा अल्लाह आहे.