पारावरचा बोखाडा

कशेळीत आमच्या घरामागे, कुंपणाच्या भिंतीत अकरा वर्षांपूर्वी एक रोप आपलं आपण उगवलं. कुणी लावलं नव्हतं, पाखराच्या विष्ठेतून बी पडलं असणार. एकदा कुणाच्या तरी बकरीनं त्याचं पान ओरबाडलं. तुटल्या देठातून पांढरा चीक आला. शेजारच्या काकूंनी तो पाहिला आणि हात जोडले. "भाऊ, हा तर औदुंबर! महाराज स्वतः चालत आले तुमच्या दारी. आता ह्याला कुणी हात लावायचा नाही."

कुणी लावला नाही. भिंतीचा तेवढा भाग आम्हीच पाडून त्याला जागा करून दिली. पुढे पार बांधला, पादुका बसवल्या. दर गुरुवारी काकूंचा दिवा आणि अकरा प्रदक्षिणा. एकीकडे खाडी, दुसरीकडे गोदामं आणि रात्रंदिवस धावणारे ट्रक, त्यात हे एक हिरवं ठिकाण. मन शांत व्हायचं, हे मी खोटं सांगणार नाही.

गेल्या दिवाळीत भाची आली. ती वनस्पतिशास्त्र शिकते. पाराला एक फेरी मारून म्हणाली, "मामा, रागावू नकोस. हा उंबर नाही, बोखाडा आहे."

मी रागावलोच. पण तिनं मला हाताला धरून जवळ नेलं. उंबराची पानं फांदीवर एकाआड एक येतात, ह्याची जोडीनं, समोरासमोर. उंबराचं पान हाताला गुळगुळीत लागतं आणि त्याच्यावर पुष्कळदा फोडांसारख्या गाठी असतात. ह्याचं पान काचकागदासारखं खरखरीत, कोवळ्या फांदीवर बारीक लव. फळं दोघांचीही खोडाला लगडतात, म्हणून तर फसगत होते. पण उंबर पिकला की लाल-केशरी होतो, हा नुसता पिवळट. चीक दोघांनाही येतो, आणि वडा-पिंपळालाही येतो. एवढ्या खुणा अकरा वर्षं माझ्या नाकासमोर लोंबत होत्या.

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार लागली. 'उंबराचं फूल' आपण क्वचित दिसणाऱ्या माणसाला म्हणतो. प्रत्यक्षात उंबर म्हणजेच आतून मिटलेला फुलांचा गुच्छ. त्याच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकातून चिलटाएवढा एक कीटक आत शिरतो आणि परागीकरण करतो. उंबराचा कीटक वेगळा, बोखाड्याचा वेगळा. वासावरून तो आपलं झाड शोधून काढतो. त्या चिलटाला जे कळतं ते मला कळलं नाही, आणि मी रोज तिथे उदबत्ती लावत होतो!

मग प्रश्न उभा राहिला. काकूंना सांगायचं का?

घरात दोन तट पडले. मुलगा म्हणाला, नकली आहे तर तोडून टाकू, तिथे गाडी लावता येईल. बायको म्हणाली, सत्तरी ओलांडलेल्या बाईची श्रद्धा मोडून तुम्हाला काय मिळणार? मला दोन्ही पटेनात. नकली म्हणजे काय? झाडानं कधी सांगितलं होतं का, की मी औदुंबर आहे? चुकीचं नाव आपण दिलं. आपली चूक उघडी पडली म्हणून झाडाला शिक्षा, हा कुठला न्याय? बरं, जुन्या वैद्यांनी ह्यालाच काकोदुंबर म्हटलंय आणि अंगावरच्या पांढऱ्या डागांवर तो वापरलाय. म्हणजे नावापुरतं तरी नातं आहेच.

पण गप्प बसावं, हेही पटेना. कारण काकू त्याच्या मुळापाशी ठेवलेलं पाणी औदुंबराचं तीर्थ म्हणून लेकीच्या तान्ह्या मुलाला द्यायच्या. फळं पडली की पोरांना म्हणायच्या, खा, प्रसाद आहे. बोखाड्याच्या फळानं उलटी होते. इथे श्रद्धेचा मामला संपतो आणि लेकराच्या पोटाचा सुरू होतो.

शिवाय हा गोंधळ एकट्या काकूंचा नाही. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्यांचे ढीग विकले जातात. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि मऊ. आपण न बघता घेतो, सोनं म्हणून वाटतो आणि दुसऱ्या दिवशी झाडून टाकतो. उलट गोरखचिंच बघा. झाड मूळचं आफ्रिकेचं, पण आपल्या लोकांनी त्याला गोरखनाथांचं नाव दिलं. कैलासपती दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या फुलात कुणाला तरी पिंडी आणि वर नागाचा फणा दिसला आणि तो शंकराच्या देवळात आला. ह्यात मला काही वावगं वाटत नाही, कारण इथे कुणीतरी त्या फुलाकडे निरखून पाहिलं होतं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. नाथांनी त्यावर मराठीत केवढा विस्तार केला आहे! त्या यादीत अजगर आहे, मासा आहे, मधमाशी आहे. पृथ्वीकडून शिकताना झाडाचा शिष्य व्हावं, असंही तिथे आलं आहे. पूर्वी मी ते वाचून नमस्कार करून पुढे जायचो. आता वाटतं, अवधूतानं आधी पाहिलं. कबुतर जाळ्यात कसं जातं, बाण करणारा कसा तल्लीन होतो, हे न पाहता गुरू कसा मिळाला असता? गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायात नरहरी वाळलेल्या औदुंबराच्या लाकडाला पाणी घालतो. लोक हसतात. पण ते लाकूड वाळलेलं आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं. डोळे उघडे ठेवून तो पाणी घालत होता.

शेवटी एका गुरुवारी दिवा लावून झाल्यावर मी काकूंना सांगितलं. माझा आवाज नीट फुटत नव्हता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे अकरा वर्षं मी कुणाला फेऱ्या मारल्या?" मला उत्तर सुचलं नाही. सुचलेलं एकही बरोबर वाटलं नाही.

पुढचा गुरुवार त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. आपण उगाच बोललो असं मला रोज वाटत होतं. तिसऱ्या गुरुवारी आल्या. दिवा लावला, पण प्रदक्षिणेला निघाल्या नाहीत. पदर खोचून पारावर चढल्या आणि एका पानावरून बोटं फिरवली.

"खरखरीत आहे रे," त्या म्हणाल्या. "मीच हात लावू नका म्हटलं होतं ना."

पादुका तिथेच आहेत. खाली पडलेली फळं आता काकूच गोळा करतात, पोरांच्या हाती लागू नयेत म्हणून. मुलाच्या गाडीला जागा मिळालेली नाही. परवा भाचीनं एका कुंडीत उंबराचं रोप आणून दिलं. काकूंनी आधी त्याची पानं एकाआड एक आहेत का ते मोजून पाहिलं.