हिरवा धुमारा

आमच्या थोरल्या भगिनीची नात अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत राहते. तेथील हिवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस-पंचवीस अंश उतरतो. तरीहि तिनें अंगणांतील एका दगडी कुंडींत होस्टा नांवाचीं चिमुकलीं झाडें जोपासलीं आहेत. हें झाड मूळचें जपान, कोरिया व चीन या देशांतलें, आणि फुलांपेक्षां पानांसाठींच लावावयाचें. त्याच्या खुज्या जातींपैकीं ‘ब्लू माऊस इअर्स’ ही प्रसिद्ध. तिच्यापासून निघालेली पिवळसर कडेची ‘माइटी माऊस’ तिच्या विशेष लोभांतली. कुंडींतील माती गोठते, वितळते, आणि हीं इवलीं रोपें मुळांसकट वर उचललीं जातात. म्हणून पानें झडलीं कीं ती कुंडी ऊब नसलेल्या मोटारखान्यांत नेऊन ठेवते. थंडीची ती झोंप मात्र मोडून चालत नाहीं. कांहीं आठवडे गारठ्यांत पडून राहिल्यावांचून झाडास पुढील वर्षीं जोम येत नाहीं. यवतमाळास तें जगणार नाहीं हें उघडच आहे. आमच्याकडील विसांवा उन्हाळ्याचा. फाल्गुन-चैत्रांत डोंगरांवरचा साग पानें टाकून उभा असतो, आणि पुढें पारा पंचेचाळिसांच्या घरांत जातो.

गेल्या वैशाखांत तिनें आम्हांस एक प्रश्न केला. पिवळ्या कडेच्या त्या झुबक्यांतून एक निखळ हिरवा धुमारा निघाला होता. पुस्तकें सांगतात कीं तो ताबडतोब काढावा, नाहींतर कांहीं वर्षांत तोच सारी कुंडी व्यापील. “पण आजोबा, त्याचा अपराध काय?”

प्रश्न पोरकट वाटेल, पण आम्हांस तो टाळतां आला नाहीं. पानाचा जो भाग पांढरा दिसतो त्यांत हरितद्रव्य नसतें. उन्हापासून अन्न करण्याचें सामर्थ्य त्यास नाहीं. शेजारचा हिरवा भाग त्यास पोसतो. आपण ज्यास शोभा म्हणतों ती झाडाच्या दृष्टीनें उणीव आहे. आपल्या अंगणांतील गुलबक्षीनेंच हें शास्त्रज्ञांस शिकविलें. कार्ल कॉरेन्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचे कबऱ्या पानांच्या गुलबक्षीवरील प्रयोग १९०९ सालीं प्रसिद्ध झाले. हिरव्या फांदीवरील बियांपासून हिरवीं रोपें निघालीं, कबऱ्या फांदीपासून तिन्ही प्रकारचीं, आणि पांढऱ्या फांदीपासून केवळ पांढरीं. मग पराग कोणत्याहि फांदीवरचा असो. तीं पांढरीं रोपें बियांतील शिदोरी संपतांच मेलीं. तेव्हां हिरवा धुमारा हा बिघाड नव्हे. झाडाचें गेलेलें आरोग्य त्याच्या रूपानें परत येत असतें, आणि माळ्याची कात्री चालते ती नेमकी त्यावर!

कोणी म्हणेल, शेती म्हणजे तरी दुसरें काय? आमच्या जिल्ह्यांतील काळ्या रानांत कपाशीचें निंदण-डवरण चालतें, वाढलेले शेंडे खुडतात. रानटी कपाशीस ज्याची गरज नव्हती इतका कापूस मनुष्यानेंच तिच्या बोंडांत चढविला. आक्षेप खरा आहे, आणि तो आम्हीं पुष्कळ दिवस मनांत घोळविला. शिवाय माळ्यानें पक्ष घेतला नसता तर ती पिवळी कड केव्हांच नाहींशी झाली असती. दुबळ्याचा कैवार घेणें हा अधर्म कसा?

येथें आम्हांस घरचीच गोष्ट आठवते, व ती सांगतांना संकोच होतो. लहानपणीं आम्ही वारंवार आजारी पडत असूं. थोरली बहीण निकोप, आणि अभ्यासांत आमच्याहून पुष्कळ हुशार. परंतु आईच्या हाताखालीं कोणी तरी हवें, आमच्या उशाशीं कोणी तरी हवें, म्हणून सातवीनंतर तिची शाळा बंद झाली. त्या वेळीं हें कोणास खुडणें वाटलें नाहीं. घर नीटनेटकें दिसत होतें, येणारे-जाणारे वाखाणीत. आमची पदवी कोणाच्या हिरव्या पानावर पोसली, हें उमजावयास आम्हांस पन्नाशी ओलांडावी लागली. तिनें कधीं बोलून दाखविलें नाहीं. आम्हींहि विचारलें नाहीं. आजारी मुलास जपलें यांत कोणाची चूक नव्हती. जपण्याचा खर्च मात्र ज्याच्या नांवें मांडला, त्याची संमति कोणीं घेतली नव्हती.

आमच्या फाटकावर पांढऱ्या कडेच्या पानांची बोगनवेल आहे. बुडाशीं हिरवी फांदी फुटली कीं ती छाटून उकिरड्यावर टाकावयाची, हा आमचा इतक्या वर्षांचा परिपाठ.

होस्टाचा झुबका मुळांसकट विभागतां येतो. म्हणून आम्हीं तिला कळविलें कीं, धुमारा फेंकूं नये. धारदार सुरीनें त्याच्या मुळांसह अलग करून जमिनींत लावावा. हा मार्ग फुकटचा नाहीं. जागा लागेल, पाणी लागेल, आणि दरसाल धुमारे येऊं लागले तर हिरव्या झाडांची रांग लागेल. पण तो खर्च ज्यास पिवळ्या कडेची हौस आहे त्यानें सोसावा, धुमाऱ्यानें कां?

आश्विनांत तिचें उत्तर आलें. धाकटें कुंडींत सुखरूप आहे. हिरव्यानें कुंपणाशीं चांगला जीव धरला आहे, पान दुपटीनें मोठें झालें आहे. तें पत्र आम्हीं बहिणीस वाचून दाखविलें. तिनें सगळें ऐकून घेतलें व विचारलें, “हिरव्याला फुलें आलीं का?”

पत्रांत तें लिहिलेलें नव्हतें.